मोठं जात नाही

ऑफिसात तिला सगळे पाठीमागे कडीबाई म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. एका मोठ्या इस्पितळाचं आणि त्याच्या लांबलांबच्या दवाखान्यांचं सगळं नेटवर्क तिच्या ताब्यात होतं. धोरण सोपं होतं: जे लागत नाही ते बंद. दार दिसलं की कडी. एखादा डॉक्टर कुरकुरत आला की अमुक साइट उघडत नाही, तर ती चष्म्यावरून त्याच्याकडे बघून विचारायची, "उघडून काय करणार आहात?" डॉक्टर आल्या पावली परत जायचा.

तिचा नवरा त्याच इस्पितळाच्या डोंगरावरच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचा. पेशंट त्याला फोटोदादा म्हणत. माणूस बोलघेवडा. हात मोडलेल्या मुलाला हसवत हसवत तो हात काचेवर सरळ ठेवून घ्यायचा, आणि "हलायचं नाही, फोटो वाकडा आला तर लग्नाला कोण पसंत करेल" असं म्हणून साठीच्या आजीलाही लाजवायचा. सकाळच्या बसने वर, संध्याकाळच्या बसने खाली, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम होता.

त्यांचं लग्न झालं तेव्हा कॅंटीनमध्ये कुणीतरी म्हणालं होतं, "आता डोंगरवाल्यांची चंगळ आहे. घरचंच माणूस खुर्चीवर बसलंय." बोलणारा बोलून गेला, पण हिच्या ते जिव्हारी लागलं. त्याच संध्याकाळी तिने घरात नियम केला. घरात ऑफिसचा विषय काढायचा नाही आणि ऑफिसात नवरा-बायको असायचं नाही. त्याला नेटवर्कबद्दल काही म्हणायचं असेल तर इतरांसारखी रीतसर तक्रार नोंदवायची, नंबर घ्यायचा, वाट बघायची.

"आणि भाजीत मीठ कमी असलं तर?" त्याने विचारलं होतं. "त्याचाही नंबर लागतो का?"

ती हसली नव्हती. पुढे मुलगी मोठी झाली, परगावी गेली, आणि फोनवरून चिडवायला लागली, "तुमचं लग्न झालंय की करार?" तरी नियम टिकला. नि:पक्षपातीपणाचा तिला गर्व होता. गर्वच म्हणायला हवं, कारण साध्या सचोटीला कुणाला दाखवून द्यायची एवढी हौस नसते.

मग एका वर्षी इस्पितळाने सगळ्या ठिकाणी नव्या संरक्षक पेट्या बसवल्या. बाहेरून येणारं काय आत घ्यायचं आणि काय दारातून हाकलायचं, हे ठरवणारी ती यंत्रं. त्यांचे नियम तिने स्वत: लिहिले, आणि हौसेने लिहिले. बाहेरची यंत्रं अधूनमधून काही फुटकळ निरोप पाठवत असतात, त्यांनाही तिने कडी लावली. त्या निरोपांच्या आडून कुणी चोर आत डोकावू शकतो, असं तिने वाचलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. योगायोग असा की त्याच आठवड्यात डोंगरावरच्या एक्स-रेच्या खोलीत जुना कॉम्प्युटर जाऊन नवा आला, नवा प्रोग्रॅम आला. फोटोदादा दोन दिवस त्याच्याशी झटापट करत होता. त्याच्या बोटांना नवं बटण सापडेना तेव्हा नर्स हसल्याही.

त्यानंतर त्याची पहिली तक्रार आली. "फोटो खाली इस्पितळात पोचत नाही. बारीकसारीक जातं. मोठं जात नाही."

तिने ती वाचली, आणि रोज करायची तीच तपासणी केली. तपासणी म्हणजे काय, तर आपल्या जागेवरून दूरच्या यंत्राला एक इवलासा निरोप धाडायचा: आहेस का? पलीकडून उलट निरोप येतो: आहे. ओ आली की लाइन ठीक. ओ आली. तिने तक्रारीखाली लिहिलं, "तपासले. लाइन ठीक. वापरणाऱ्याने प्रोग्रॅम नीट समजून घ्यावा." आणि तक्रार बंद करून टाकली.

तो पुन्हा लिहायचा, ती पुन्हा बंद करायची. दवाखान्याचं बाकीचं काम चार-दोन ओळींचं, पेशंटची नावं आणि औषधांच्या मागण्या. ते सगळं सुरळीत जात होतं. त्यामुळे दुसरं कुणीच तक्रार करेना, आणि एकटाच माणूस तक्रार करत असला की दोष त्या माणसातच दिसतो. हळूहळू त्याने तक्रार करणंच सोडलं. दिवसभराचे फोटो तो एका डिस्कवर भरायचा, शेवटच्या बसने खाली आणायचा, इस्पितळात फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा आणि मग घरी यायचा. दमलेला, पाय ओढत. ती दार उघडायची. उशीर का झाला हे तिला पुरतं ठाऊक असायचं. पण ती विचारायची नाही. तोही सांगायचा नाही. दोघं जेवायची, टीव्हीवरच्या बातम्यांना नावं ठेवायची आणि झोपायची. आज तिला वाटतं, त्या दिवसांत एकदा जरी तिने "काय हो, नक्की काय होतं तुमच्या खोलीत?" एवढं विचारलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

घडलं ते असं. एक फरशी बसवणारा कामावर पडला आणि मनगट धरून दवाखान्यात आला. दादाने फोटो काढला आणि पाठवला. स्क्रीनवर "पाठवत आहे" असं आलं, ते तसंच राहिलं. त्या दिवशी दरड कोसळून बस बंद होती, डिस्क खाली नेणार कोण? वरच्या डॉक्टरांनी खालच्या तज्ज्ञांच्या शब्दाची वाट बघितली. शब्द आला नाही, म्हणजे काही विशेष नसावं असं धरून त्यांनी पट्टी बांधून त्याला घरी पाठवलं. मनगट वाकडं जुळलं. ज्याच्या पोटापाण्याचा धंदा तळहाताने फरशी दाबून समतल करण्याचा, त्याचा तळहातच टेकेनासा झाला.

चौकशी बसली. संचालकबाईंनी सगळ्यांना लांबट टेबलाभोवती बसवलं आणि पहिला प्रश्न नेटवर्कला केला. "लाइनमध्ये दोष होता का?"

तिने इथे नवऱ्याचं तोंड बघून बोलायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. म्हणून तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. "लाइनमध्ये दोष नाही," ती म्हणाली. "प्रत्येक तक्रारीनंतर मी स्वत: तपासलं आहे. चूक वापरणाऱ्याकडून होत असावी."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तो बसला होता. संचालकबाईंनी त्याला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे?

"बाई म्हणतात तर तसंच असेल," तो म्हणाला. नियमाप्रमाणे तो तिला तिथे बाईच म्हणायचा. "त्यांना त्यातलं कळतं. मला नवं यंत्र जमलं नाही."

त्याला कुणी काढलं नाही. त्यानेच महिन्याभरात राजीनामा दिला. त्याच्या जागी डोंगरावर यायला कुणी तयार होईना, म्हणून एक्स-रेच्या खोलीला कुलूप लागलं, आणि वरच्या लोकांना साध्या फोटोसाठी घाट उतरून यावं लागायला लागलं.

नोकरी गेली त्याचं त्याला तेवढं दु:ख नव्हतं. पण हा माणूस, जो शेजाऱ्यांचे पंखे आणि मिक्सर हसत हसत खोलून बसायचा, तो आता यंत्राला हात लावायला घाबरू लागला. कपडे धुवायच्या मशीनपुढे उभा राहून विचारायचा, "मी दाबू की तू दाबतेस?" मुलीला फोन लावायचा असला की तो बायकोच्या हातात द्यायचा. गॅस बंद केल्यावर परत जाऊन बघायचा, आणि मग तिलाही बघायला लावायचा. तिला त्याची कीव यायची. आणि देव तिला क्षमा करो, कधीकधी मनात असंही यायचं की बरं झालं वेळेवर सोडली नोकरी, वय झालंच होतं म्हणायचं.

अशी दोनेक वर्षं गेली. मग कुठूनतरी देणगी आली, डोंगरावर नवं एक्स-रे मशीन बसलं, आणि ते बसवायला मशीनच्या कंपनीचा मेकॅनिक आला. एका सकाळी त्याचा तिला थेट फोन आला.

"मॅडम, तुमच्या लाइनीत घोळ आहे. बारीकसारीक जातंय, मोठं जात नाही."

तिने सवयीने इवलासा निरोप धाडला. ओ आली. "लाइन ठीक आहे," ती म्हणाली.

"तुम्ही लहान पाठवून बघताय," तो म्हणाला. "मोठं पाठवून बघा ना. मी इथेच उभा आहे."

तिने निरोपाचा आकार वाढवून पाठवला. ओ आली. अजून वाढवला, आली. पुरता मोठा, नेहमीच्या पाकिटाएवढा करून पाठवला. ओ नाही. पुन्हा पाठवला. काहीच नाही. ना "आहे", ना "नाही", ना "का ओरडतेस".

तिला एका क्षणात सगळं कळलं. ते कळायला हुशारी लागतच नव्हती, तिच्या धंद्यातलं हे अगदी पहिल्या वर्षाचं शिक्षण होतं. इंटरनेटवर मोठी वस्तू अखंड जात नाही. तिचे तुकडे करून एकेक तुकडा पाकिटात घालतात, आणि पाकिटाचा आकार सहसा सगळीकडे एकच असतो. पण वाटेत एखादं यंत्र असं लागतं की ज्याचं दार बोटभर अरुंद. डोंगरावरची लाइन टॉवरवरून यायची, प्रत्येक पाकिटावर तिचं आणखी एक वेष्टण चढायचं, आणि तेवढ्याने ते पाकीट त्या दारात मावेनासं व्हायचं. अशा वेळी ते यंत्र पाकीट टाकून देतं, पण पाठवणाऱ्याला माणुसकीने एक निरोप धाडतं: बाबा, हे मोठं होतंय, जरा लहान करून पाठव. पाठवणारा लहान करतो आणि काम होतं. एवढ्याचसाठी तो निरोप असतो.

आणि तो निरोप बाहेरच्या फुटकळ निरोपांपैकीच एक होता. त्याला तिने कडी लावली होती. डोंगरावरचा कॉम्प्युटर दोन वर्षांपूर्वी तेच मोठं पाकीट पुन:पुन्हा पाठवत राहिला, वाटेतलं यंत्र ते टाकून देत राहिलं, आणि त्याने धाडलेला निरोप दवाखान्याच्या दारात तिची पेटी गिळत राहिली. नवरा सांगत होता ते शब्दाला शब्द खरं होतं. एका परक्या मेकॅनिकने तेच शब्द उच्चारले आणि तिने अर्ध्या तासात ते तपासले. नवऱ्याचे शब्द तिने वाचून बंद केले होते, का, तर तो नवरा होता.

दुरुस्ती दोन ओळींची होती. तो एक निरोप आत येऊ द्यायचा, आणि दोन यंत्रं बोलायला लागताना एकमेकांना पाकिटाचा आकार सांगतात, तिथेच पेटीने तो थोडा कमी करून सांगायचा. तिने त्या ओळी लिहिल्या. मेकॅनिक वरून ओरडला, "गेला मॅडम! झर्रकन गेला!" तिने फोन खाली ठेवला आणि जिन्यात जाऊन रडली. इतकी वर्षं ऑफिसात तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी निम्म्या मजल्याने पाहिलं.

दुपारीच ती संचालकबाईंकडे गेली, झालं ते सांगितलं, आणि सुट्टी घेऊन घरी आली. नवरा गॅलरीत वाळलेले कपडे काढत होता.

"इतक्या लवकर?" त्याने विचारलं. "बरं नाही का?"

"अहो, बसा जरा. ऑफिसचं बोलायचंय."

तो दचकला. त्या घरात हे वाक्य तोवर कधी उच्चारलंच गेलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं, पाकिटं, दार, निरोप, आणि कडी. तो मांडीवरच्या शर्टाची घडी घालत ऐकत होता. तिची अपेक्षा होती की तो चिडेल. तिला तर तो चिडायला हवाच होता.

"म्हणजे त्या फरशीवाल्याचं मनगट," तो म्हणाला, "ते माझ्यामुळे नाही?"

"नाही. माझ्यामुळे."

त्याने घडी केलेला शर्ट पुन्हा उलगडला. "मी त्याच्या घरी गेलो होतो गं," तो म्हणाला. "माफी मागायला. तुला सांगितलं नव्हतं, ऑफिसचा विषय म्हणून. त्याने पाणी दिलं प्यायला. त्याला ग्लास डाव्या हाताने धरावा लागला."

तिला वाटलं, याने थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं.

पुढच्या रविवारी तीही त्या फरशीवाल्याकडे गेली. त्याने दारातच सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आधी ते आले, आता तुम्ही आलात. माफी मागणारी माणसं दोन झाली, हात माझा एकच आहे." आणि आत निघून गेला.

इस्पितळाने मात्र आपल्या परीने निस्तरलं. संचालकबाईंनी त्याच लांबट टेबलाभोवती सगळ्यांना बसवून चूक कुणाची होती ते सांगितलं. फरशीवाल्याला काय देता येईल याचा विचार सुरू झाला, आणि फोटोदादाला सन्मानाने परत बोलावलं. तो जायला तयार नव्हता. मुलगी खास सुट्टी काढून आली आणि त्याच्या मागे लागली. "बाबा, वरची म्हातारी माणसं घाट उतरून येतात, लाज वाटत नाही का तुम्हाला?" यावर तो विरघळला. पहिल्या दिवशी वर त्याचं असं स्वागत झालं की विचारू नका. ज्या नर्स हसल्या होत्या त्यांनीच खोली पुसून ठेवली होती. त्याने पहिला फोटो काढला, पाठवला, आणि लगेच बायकोला फोन केला.

"पोचला का?"

"पोचला."

"तू स्वत: बघितलास?"

तिने बघितला नव्हता. ती उठली, दोन जिने उतरून फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली, स्क्रीनवर डोळ्यांनी पाहिला, आणि मग सांगितलं. दुसऱ्या फोटोला पुन्हा फोन. तिसऱ्याला पुन्हा. तिला वाटलं, साहजिक आहे, चार दिवसांत सवय होईल. ती प्रत्येक वेळी जिने उतरायची. गुडघे दुखायला लागले तरी उतरायची. ऑफिसात टिंगल झाली, झाली तर झाली. फोटो गेला की स्क्रीनवर "पोचला" असं हिरव्या अक्षरांत येतं, हे तिने त्याला प्रेमाने समजावलं. तो म्हणायचा, "हो, येतंय खरं. पण तू एकदा बघ ना."

आणि मग एका सकाळी फोन आलाच नाही. ती नव्या यंत्रांच्या कामासाठी तळघरात होती. वर आली तेव्हा दुपार व्हायला आली होती, आणि वाटेत तिच्या लक्षात आलं की आज सकाळपासून एकदाही फोन नाही. तिला इतका आनंद झाला की ती जिन्यात एकटीच हसली. सुटला बाई एकदाचा, ती मनाशी म्हणाली. स्वत:वर विश्वास बसला त्याचा. त्याच आनंदात ती डॉक्टरांच्या खोलीत डोकावली आणि सहज विचारलं, "डोंगरावरचे फोटो कसे येतायत आज?"

"आज एकही आला नाही," डॉक्टर म्हणाले. "दवाखाना बंद आहे का वर?"

तिने धावत गॅलरीत येऊन त्याला फोन लावला. पहिल्याच घंटेला त्याने उचलला.

"अहो, काय झालं? एकही फोटो नाही तुमचा!"

"अगं, किती वेळ लावतोय तुला, फोनच लागत नव्हता," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती सुटका होती. "मग मी पाठवलेच नाहीत. सगळे काढून ठेवलेत. पेशंट बाहेर बाकावर बसलेत, त्यांना म्हटलं जरा थांबा."

तळघरात फोन लागत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि जाताना त्याला सांगावं हे तिला सुचलं नव्हतं. तिला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी कळलं की ओरडायचा हक्क तिने केव्हाच गमावला आहे. या माणसाचा स्वत:च्या हातावरचा विश्वास तिने काढून घेतला होता, आणि तो परत कसा द्यायचा हे तिला येत नव्हतं.

ती परत आत गेली. डॉक्टरांना खुर्ची सरकवायला सांगून स्क्रीनसमोर उभी राहिली.

"पाठवा," ती फोनवर म्हणाली. "मी इथेच उभी आहे."

थोड्याच वेळात एक हात स्क्रीनवर उघडला, कुणा म्हाताऱ्या बाईचा असावा, बोटांची हाडं बारीक, कोपरापाशी चीर.

"आला," ती म्हणाली.

"पूर्ण आला?"

तिने फोटोच्या चारही कडा नीट पाहिल्या.

"पूर्ण आला."

"मग दुसरा पाठवू?" त्याने विचारलं.